‘एल मानिसेरो’च्या तबकड्या : एका चालीभोवती जमलेला संग्रह लावताना

काका मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आता पुण्यात असतात. जहाज ज्या बंदराला लागेल तिथल्या जुन्या बाजारातून रेकॉर्डी उचलायच्या हा त्यांचा नाद, आणि त्या नादात एक हट्ट: क्यूबाचं ‘एल मानिसेरो’ दिसलं की घ्यायचंच, गाणारा कोणी का असेना. हेच गाणं इंग्रजीत ‘द पीनट व्हेंडर’ म्हणून जगभर गेलं. नोकरी सुटल्यावर पुतण्याने इंटरनेटवरून मिळतील तेवढी ध्वनिमुद्रणं उतरवून एका हार्ड डिस्कवर भरून दिली. संग्रह एकदम फुगला आणि त्याची घडीही विस्कटली.

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा लोखंडी ट्रंकेत अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या होत्या, कपाटात एलपी, बुटांच्या खोक्यात कॅसेटी आणि हार्ड डिस्कवर दोनशेच्या आसपास फायली. सोबत एक वही: कलाकार, बंदर, मोजलेली किंमत. काकांची मागणी साधी होती. “अरे, ह्यातली खरोखर वेगळी किती, तेवढं सांग. बाकीची देऊन टाकू.”

एकाच चालीच्या मागे लागलेल्या संग्राहकाला हा प्रश्न कधीतरी पडतोच, आणि त्याचं घाईने दिलेलं उत्तर संग्रहाचं नुकसान करतं. इथेही ते होता होता राहिलं. कसं, ते पुढे येईल. आधी गाणं.

गाणं कुठलं, कुणाचं

रचनाकार मोइसेस सिमोन्स, हवानाचा पियानोवादक, जन्म १८८९. गाण्याचा प्रकार ‘प्रेगोन’, म्हणजे फेरीवाल्याच्या हाकेवर बेतलेलं गाणं. क्यूबात अशी गाणी ढिगाने आहेत: फळवाल्याची, मिठाईवाल्याची, फुलवाल्याची. ह्या गाण्यातला विक्रेता भाजलेले शेंगदाणे कागदाच्या निमुळत्या पुडीत भरून विकतो. रात्र होत आली आहे, गरम आहेत तोवर घ्या, पुडी खाल्ल्याशिवाय झोपू नका असं तो घराघरातल्या बायकांना विनवतो, आणि शेवटी “निघालो, निघालो” म्हणत पुढच्या गल्लीत जातो. आपल्याकडे लोकलच्या डब्यात खारे शेंगदाणे घेऊन चढणारा माणूस पुढच्या स्टेशनावर उतरतो आणि त्याची हाक शेजारच्या डब्यातून येऊ लागते, तसाच ह्या गाण्याचा शेवट. क्यूबन संशोधक फेर्नांदो ऑर्तिस ह्यांचं मत तर असं होतं की गाण्याचा मूळ कर्ता हवानाचा कुणी अनाम शेंगदाणेवालाच असला पाहिजे. सिमोन्सचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. हाक रस्त्यावरची असली तरी तिच्याखाली सतत फिरत राहणारी छोटी आवर्ती रचना बसवणं हे संगीतकाराचं काम होतं, आणि जग त्या रचनेवरच नाचलं.

ती रचना कानात नीट बसवली की पुढचं सगळं सोपं होतं. खाली दोनच स्वरमेळ, षड्जाचा आणि पंचमाचा, आळीपाळीने येत राहतात आणि ते चक्र गाणं संपेपर्यंत थांबत नाही. वरची हाक मात्र मोकळी: लांबवा, तोडा, मागे रेंगाळवा. खालचं पक्कं आणि वरचं सैल असल्यामुळेच हे गाणं कुठल्याही देशातल्या वादकाच्या हाती सापडलं.

पहिलं महत्त्वाचं ध्वनिमुद्रण क्यूबन गायिका रीता मोन्तानेरचं, कोलंबिया कंपनीसाठी. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदणीत त्याचं वर्ष १९२७ दिलं आहे. रीता हवानाजवळच्या ग्वानाबाकोआची. संगीतकार एर्नेस्तो लेकुओना आणि पियानोवर बसून एकट्याने मैफल जिंकणारा बोला दे निएवे हेही त्याच गावचे. एका छोट्या गावाने क्यूबाच्या संगीताला इतकं द्यावं ह्याचं मला अजून नवल वाटतं.

जगाने मात्र हे गाणं रीताकडून घेतलं नाही. एप्रिल १९३० मध्ये डॉन आस्पियासू ह्या क्यूबन बँडप्रमुखाचा हवाना कसिनो ऑर्केस्ट्रा न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात उतरला. गायक आन्तोनियो माचीन शेंगदाणेवाल्याच्या वेषात मंचावर आला आणि हे गाणं गायला. १३ मे १९३० रोजी त्याच संचाने ते व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. तबकडीचा क्रमांक २२४८३. लेबलावर छापलं होतं ‘रुम्बा फॉक्स-ट्रॉट’. खरं तर हा रुम्बा नव्हे, ‘सोन’ ह्या क्यूबन नृत्यसंगीताच्या प्रकारातला प्रेगोन आहे. पण अमेरिकेत नाव पडलं ते पडलं, आणि पुढची कित्येक वर्षं क्यूबाचं जे काही येईल ते रुम्बाच्या नावाखाली विकलं गेलं. ह्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्याचं सांगितलं जातं, तेही मंदीच्या काळात. माराकासचे खुळखुळे, बोंगोची जोडढोलकी आणि क्लावेस ह्या लाकडी दांड्यांची टिकटिक तिथल्या असंख्य घरांत पहिल्यांदा पोचली ती ह्या रेकॉर्डीतून.

मोन्तानेर आणि आस्पियासू ह्यांची दोन्ही ध्वनिमुद्रणं त्या राष्ट्रीय नोंदणीत आहेत. एका गाण्याला असा दुहेरी मान क्वचित मिळतो. आणि काकांच्या संग्रहात आस्पियासू भरमसाट होता, मोन्तानेर एकही नव्हती.

‘वेगळं’ म्हणजे काय, हे आधी ठरवलं

पुतण्याच्या याद्यांत ‘वेगळं’ ह्याचा अर्थ फायलीचं नाव वेगळं, एवढाच होता. आम्ही चार गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली रचना, ती इथे एकच. दुसरं संयोजन, म्हणजे कुठली वाद्यं, कुठला ठेका, सुरुवात आणि शेवट कसा. तिसरं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे अमुक दिवशी अमुक खोलीत वाजलं ते. चौथी वस्तू: त्या ध्वनिमुद्रणाची एखादी तबकडी, एलपीवरचा ट्रॅक, फाइल. म्युझिकब्रेन्झसारख्या खुल्या सूचीत हीच विभागणी साधारण ह्याच अर्थाने वापरतात, त्यामुळे पुढे कुणाला ताडून पाहायचं असेल तर सोय होते.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत गल्लत झाली की संग्रह फसतो. आस्पियासूची १९३० ची तीन मिनिटं पुढे एलपीवर आली, कॅसेटवर आली, सीडींच्या संकलनांत आली आणि दर वेळी निराळ्या नावाने आली. कुठे ऑर्केस्ट्राचं नाव, कुठे माचीनचं, कुठे नुसतं ‘क्यूबन ऑर्केस्ट्रा’. गाण्याचं नावही कधी ‘मानिसेरो’, कधी ‘एस’च्या जागी ‘सी’ घालून ‘मानिसेरो’; सिमोन्सचं आडनाव कधी शेवटच्या ‘एस’सह, कधी त्याशिवाय. संगणकाला ही सगळी वेगळी गाणी. कानाला एकच.

एकच ध्वनिमुद्रण आहे की नाही हे ठरवायला अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर हमखास आधार असतो: लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. छापलेला विक्री क्रमांक देशोदेशी बदलतो. मॅट्रिक्स मात्र मूळ मेणाच्या साच्याचा क्रमांक असतो आणि तो बहुधा तबकडीसोबत प्रवास करतो. काकांच्या वहीत विक्री क्रमांक होते, मॅट्रिक्स एकही नव्हता. म्हणून प्रत्येक तबकडी टेबलावर घेऊन, बॅटरीचा उजेड तिरका टाकून ते क्रमांक उतरवले. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. अमेरिकन कंपन्यांच्या नोंदी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऐतिहासिक ध्वनिमुद्रण सूचीत पाहता येतात. क्यूबन संगीतासाठी क्रिस्तोबाल दियास आयाला ह्यांनी आयुष्यभर घडवलेली सूची आणि त्यांचा मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाला दिलेला संग्रह आहे. दियास आयाला ह्यांनी प्रेगोन ह्या प्रकाराचा स्वतंत्र इतिहासही लिहिला आहे. ‘एल मानिसेरो’वर काम करणारा कुणीही त्यांच्या ऋणात असतो.

फायलींना मॅट्रिक्स नसतो. तिथे कानच लागतो. दोन फायली समोरासमोर ठेवून एकीची लहर उलटी करून दुसरीत मिसळली, तर एकच ध्वनिमुद्रण असल्यास आवाज नाहीसा व्हायला हवा. नव्या सीडींच्या बाबतीत हे जमतं. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या आवाजात जमत नाही, कारण फिरण्याचा वेग प्रत्येकाने निराळा धरलेला असतो. सूर अर्ध्या पट्टीने चढलेला किंवा उतरलेला असतो आणि खरखर ज्याची त्याची. अशा वेळी मी वाजवणाऱ्याची चूक शोधतो. ट्रम्पेटचा एखादा घसरलेला स्वर, गायकाने ओळीच्या मध्ये घेतलेला श्वास, माराकासचा एक उशिरा पडलेला झटका. अशी चूक दोन दिवशी त्याच जागी होत नाही. ती दोन्हीकडे सापडली की ध्वनिमुद्रण एकच, पट्टी कितीही वेगळी असो.

ह्या चाळणीतून हार्ड डिस्कवरचा आकडा झपाट्याने खाली आला. काका खूश झाले. “मग ही जादा सगळी काढून टाक.” मीही होकार देणार होतो, तेवढ्यात ट्रंकेच्या तळातून एक तबकडी हाती लागली.

जादा ठरलेली तबकडी

लेबल एचएमव्हीचं, कुत्रा आणि भोंगा आपल्या ओळखीचा. क्रमांकाआधी अक्षरं ‘जीव्ही’. कानाने आणि मॅट्रिक्सने निकाल स्पष्ट: आस्पियासूचं १९३० चंच ध्वनिमुद्रण, व्हिक्टर २२४८३ वर आहे तेच. म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे जादा. काकांच्या वहीत तिच्यासमोर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराचं नाव होतं.

‘जीव्ही’ ही एचएमव्हीने १९३३ पासून काढलेली मालिका. व्हिक्टरच्या लॅटिन अमेरिकन साठ्यातून निवडलेली ध्वनिमुद्रणं नव्याने छापून आफ्रिकेत विकायची, असा तिचा धंदा होता. दोनशेहून अधिक तबकड्या ह्या मालिकेत निघाल्या आणि सुरुवातीच्या तबकड्यांत ‘एल मानिसेरो’ होतं. ह्या रेकॉर्डी लागोस, आक्रा, लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा), डकार अशा शहरांत घरोघरी वाजल्या. ज्या संगीताचा ठेका गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकेतून क्यूबात गेला होता, ते संगीत तबकडीवर बसून परत आलं, आणि ऐकणाऱ्यांना त्यात आपलं काहीतरी ओळखू आलं. काँगोतल्या तरुण वादकांनी ते गिटारवर उतरवलं. सुरुवातीला स्पॅनिश शब्द ऐकू येतील तसे म्हटले, मग लिंगाला भाषेत स्वतःचे घातले. काँगोचा रुम्बा तिथून उभा राहिला. आज युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तो आहे. २०२१ मध्ये त्याची नोंद झाली.

ह्या सगळ्याची साक्ष देणारी वस्तू आमच्या हिशेबात ‘जादा’ पडत होती. उलट गेल्या काही दशकांतली कितीतरी हॉटेल-ऑर्केस्ट्रांची, सिंथेसायझरची, निरनिराळ्या देशांतल्या बँडपथकांची ध्वनिमुद्रणं ‘वेगळी’ म्हणून सुखरूप राहत होती, ज्यांतून ह्या चालीबद्दल नवं काही कळत नाही. वेगळेपणाचा नियम बरोबर होता. त्यावरून काय ठेवायचं हे ठरवणं चूक होतं.

म्हणून वह्या दोन केल्या. एका वहीत ध्वनिमुद्रणं: प्रत्येकाची एकच नोंद, सर्वांत चांगल्या अवस्थेतल्या प्रतीसह. दुसऱ्या वहीत वस्तू: तबकडी कुणी छापली, कुठल्या देशासाठी, कुठल्या बंदरात मिळाली. पहिल्या वहीत जे एक आहे ते दुसऱ्या वहीत दहा असू शकतं, आणि त्या दहांतून गाण्याची वाट दिसते. कुठलीही तबकडी दुसऱ्या वहीत पाहिल्याशिवाय देऊन टाकायची नाही हे काकांनी मान्य केलं, जरा कुरकुरत. त्यांची किमतीची आणि बंदरांची वही, जी त्यांना स्वतःलाच फालतू वाटत होती, ती आता संग्रहातली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली. कुठल्याही सूचीत ती माहिती मिळणार नाही.

कोण कुणाला ऐकून वाजवतोय

पहिली वही वर्षाप्रमाणे लावायची की देशाप्रमाणे, ह्यावर बराच वेळ गेला. वर्षाप्रमाणे लावली की शेजारी असंबद्ध माणसं येतात. देशाप्रमाणे लावली की जे एकमेकांना ऐकून शिकले ते दूर पडतात. शेवटी वंशाप्रमाणे लावली: हे वाजवताना वादकाच्या कानात कुठली आधीची रेकॉर्ड होती? ह्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या रेकॉर्डीतच असतं.

सर्वांत आधी शब्द ऐकायचे. इंग्रजी शब्द मॅरियन सनशाइन आणि एल. वुल्फ गिल्बर्ट ह्यांचे. मॅरियन ही आस्पियासूच्या भावाची बायको. स्पॅनिशमध्ये विक्रेता स्वतः बोलतो आणि वेळ झोपायची आहे. इंग्रजीत कुणी तिऱ्हाईत सांगतो की क्यूबात मुली शेंगदाणेवाल्याच्या हाकेने जाग्या होतात. तिथे सकाळ आहे आणि सगळं प्रेक्षणीय आहे. इंग्रजीत गाणारा बहुधा छापील नोटेशनवरून किंवा सिनेमावरून शिकलेला असतो. १९३१ मध्ये एमजीएमच्या ‘क्यूबन लव्ह साँग’ ह्या चित्रपटात हे गाणं आलं, त्यात लुपे वेलेस शेंगदाणे विकणारी झाली होती. १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये जूडी गार्लंडच्या एका लांब गाण्यात त्याचा तुकडा आहे. असे तुकडे, उद्धृतं, दोन ओळींपुरता आलेला सूर आम्ही पहिल्या वहीत घेतले नाहीत. त्यांना शेवटी वेगळी पानं दिली.

मग जॅझचा ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग. डिसेंबर १९३० मध्ये, म्हणजे आस्पियासूच्या ध्वनिमुद्रणानंतर काही महिन्यांतच, त्याने लॉस एंजेलिसला हे गाणं ओके कंपनीसाठी केलं. वरवर ऐकलं तर तो स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही शाखांना सोडून गेलेला वाटतो: शब्द मोडतो, ‘मानी’ (स्पॅनिशमध्ये शेंगदाणा) हा उच्चार स्वतःच्या तोंडात वळवून घेतो, मध्येच निरर्थक अक्षरांवर गातो. पण त्याचा ट्रम्पेट ऐका. हाकेचं लांबवणं त्याने बरोबर पकडलं आहे. ठेक्याच्या मागे रेंगाळून पुन्हा त्याला गाठायचं, हे न्यू ऑर्लिन्सच्या माणसाला शिकवावं लागलं नाही. माझ्या मते इंग्रजी बोलणाऱ्या जगात ह्या गाण्याचा गाभा इतक्या लवकर इतर कुणालाच सापडला नाही.

आस्पियासूनंतरची दुसरी मोठी शाखा स्टॅन केन्टन ह्या अमेरिकन जॅझ बँडप्रमुखाची. डिसेंबर १९४७, कॅपिटल कंपनी. अमेरिकन वादकांच्या संघटनेने १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बंदी पुकारली होती, त्यामुळे त्या महिन्यात सगळेच स्टुडिओत घाईने ध्वनिमुद्रणं उरकत होते. केन्टनने गायकच काढून टाकला. हाक ट्रॉम्बोन-ट्रम्पेटांकडे गेली, ताल सांभाळायला माचितो ह्या क्यूबन बँडप्रमुखाच्या गटातले क्यूबन-न्यूयॉर्की वादक आले, आणि शेवटी ट्रम्पेट एकमेकांना खेटून, मुद्दाम बेसूर भासेल अशी भिंत उभी करतात. विक्रेता हळूहळू गल्लीत दिसेनासा होण्याऐवजी आवाज चढत चढत कानठळ्या बसवतो. ह्यानंतरच्या असंख्य जॅझ बँडांना आणि कवायती बँडांना ‘पीनट व्हेंडर’ म्हणजे हेच माहीत आहे. माचीनचा आवाज त्यांनी बहुधा ऐकलेलाच नाही.

इथूनच आमची सर्वांत उपयोगी कसोटी मिळाली: आधी शेवट ऐकायचा. गाणं “निघालो” म्हणत विरतंय का? तर आस्पियासूची शाखा. ट्रम्पेटांच्या भिंतीवर चढतंय का? केन्टनची. सुरुवात फसवू शकते, कारण प्रत्येक संयोजक सुरुवातीला काहीतरी नवं करून दाखवतो. शेवटापर्यंत त्याची कल्पना संपते आणि तो ज्याला ऐकून वाढला त्याच्याकडे परत येतो. जमैकातल्या स्का ह्या नृत्यसंगीताच्या वादकांचं उदाहरण घ्या. ठेका पूर्ण बदललेला, उलट मात्रेवर गिटारचा झटका, तरी पितळी वाद्यांची मांडणी ऐकली की मूळ धागा कुठल्या रेकॉर्डीकडे जातो ते कळतं.

केन्टनपाशी एक गुंता मात्र शेवटपर्यंत छळत होता. १९५६ मध्ये त्याने आपली गाजलेली गाणी उंची दर्जाच्या नव्या तंत्राने पुन्हा ध्वनिमुद्रित केली, त्यात हेही होतं. आज बाजारातल्या अनेक संकलनांत १९५६ चं ध्वनिमुद्रण ठेवून वर्ष १९४७ छापलेलं असतं, आणि काही ठिकाणी १९४८, कारण जुनी तबकडी बाजारात त्या साली आली. खोलीची पोकळी, तळाच्या स्वरांची ताकद, ठेक्यातला वजनदारपणा ह्यांवरून दोन्ही सहज ओळखू येतात. वर्षाच्या रकान्यात आम्ही ध्वनिमुद्रणाचं वर्ष धरलं, प्रकाशनाचं शेजारी कंसात. फायलींमधल्या छुप्या माहितीवर विसंबायचं नाही, हा नियमही तेव्हाच झाला. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा संकेतांक १९८० च्या दशकात आला. जुन्या गाण्यांना तो डिजिटल करताना मिळतो, त्यामुळे त्यातलं वर्ष त्या कामाचं असतं, गाण्याचं नव्हे.

माचीनचंही तसंच. १९३९ पासून तो स्पेनमध्ये राहिला, १९७७ मध्ये माद्रिदला वारला, आणि हे गाणं त्याने आयुष्यभर गायलं. पोक्त झालेल्या आवाजातला शेंगदाणेवाला आणि १९३० चा तरुण शेंगदाणेवाला एकाच नावाखाली विकले जातात. दोघांना शेजारी लावून ऐकणं हा ह्या संग्रहातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. तरुणपणी तो माल विकतो. नंतर ऐकणाऱ्याला पुढची प्रत्येक ओळ पाठ आहे हे त्याला माहीत असतं, आणि तरी तो घाई करत नाही.

बोला दे निएवे कुठल्याच शाखेत बसला नाही. नुसता पियानो आणि त्याचा तो खरखरीत, अर्धा बोलणारा गळा. ऑर्केस्ट्राने जे जे चढवलं होतं ते सगळं तो उतरवतो आणि पुन्हा एकटा माणूस रस्त्यावरून चाललेला ऐकू येतो. तो रीता मोन्तानेरचा साथीदार होता, तिच्याबरोबर मेक्सिकोला गेला होता. म्हणून त्याला आम्ही रीताच्या शेजारी ठेवलं आणि तिची जागा तोवर रिकामी सोडली.

मुंबईचा धागा

काकांचा एक आग्रह होता की पन्नाशीच्या दशकातल्या एका हिंदी गाण्यात हीच चाल आहे, आणि ते संग्रहात असलंच पाहिजे. त्यांच्या आग्रहाला पार्श्वभूमी आहे. मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक लॅटिन ठेके वाजवत होते आणि तेच वादक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात. चिक चॉकलेट म्हणून प्रसिद्ध असलेले आन्तोनियो झेवियर वाझ सी. रामचंद्रांबरोबर होते, कावस लॉर्ड बोंगो वाजवत. पुणतांब्याच्या ह्याच रामचंद्र चितळकरांनी १९५० च्या ‘समाधी’तल्या एका गाजलेल्या गाण्याची चाल बँडप्रमुख एडमंडो रॉसच्या लॅटिन गाण्यावरून घेतली, हे जुळवून ऐकलं की लगेच पटतं.

पण ते गाणं दुसरं, हे दुसरं. काकांच्या मनातलं गाणं आम्ही चारदा ऐकलं. बोंगो होते, माराकास होते, दोन स्वरमेळांचं चक्रही होतं. हाकेचा सूर नव्हता. वाद्यं सारखी असली म्हणजे चाल सारखी होत नाही. ठेका कुणाच्या मालकीचा नसतो. हाक मात्र ओळखता येते. ते गाणं मी वहीत घेतलं नाही. काकांना वाईट वाटलं, आणि मलाही, कारण ते घेतलं असतं तर संग्रहाला घरचा धागा मिळाला असता. पण एकदा आवडीपोटी एक नोंद आत सोडली की बाकीच्या नोंदींवरचा विश्वास जातो.

सध्याची स्थिती

रीता मोन्तानेरचं ध्वनिमुद्रण शेवटी एका क्यूबन संकलनाच्या सीडीवर मिळालं. मूळ कोलंबिया तबकडी मिळेल तेव्हा मिळेल. तिच्यासाठी वस्तूंच्या वहीत पहिलं पान कोरं आहे. ‘एल मानिसेरो’च्या १६० हून अधिक ध्वनिमुद्रणांचा उल्लेख केला जातो. काकांकडे खरोखर वेगळी त्याहून बरीच कमी निघाली, आणि आता त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. हल्ली कुणी भेटायला आलं की ते आकडा सांगत नाहीत. आधी जीव्हीची तबकडी लावतात आणि मग व्हिक्टरची, आणि पाहुण्याला फरक ओळखायला सांगतात.

फायली खुल्या करायच्या का, हा प्रश्न उरला होता. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९३० ची तबकडी इथे केव्हाच मोकळी झाली आहे. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे. तिथे आस्पियासूची तबकडी २०३१ च्या सुरुवातीला मोकळी होईल. शब्दांचा हिशेब आणखी वेगळा, कारण गिल्बर्ट १९७० पर्यंत जगला. म्हणून आवाज घरातच ठेवला आहे आणि दोन्ही वह्या टंकून मोफत देऊन टाकायच्या ठरल्या आहेत: मॅट्रिक्स क्रमांक, शाखा, शेवट कसा आहे त्याचं वर्णन, आणि बंदरं. ज्यांच्याकडे जीव्ही मालिकेतली एखादी तबकडी मुंबईच्या चोरबाजारातून किंवा गोव्यातल्या एखाद्या खलाशाच्या घरातून आलेली असेल, त्यांनी आधी लेबलाभोवतीची पट्टी तिरक्या उजेडात पाहावी आणि तिथला क्रमांक लिहून ठेवावा. अशा नोंदी आल्या तर वस्तूंच्या वहीत त्यांच्यासाठी जागा आहे.